फ्रीडमेन्स ब्युरो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली गुलामगिरी संपली इथपर्यंत आपल्याला शाळेत शिकवतात. यादवी युद्ध, लिंकन, तेरावी घटनादुरुस्ती, की झाला धडा. पण चाळीस लाख माणसं मोकळी झाली तर दुसऱ्या दिवशी त्यांनी खायचं काय, राहायचं कुठे, मजुरी ठरवायची कुणी आणि मालकाने ती बुडवली तर जायचं कुणाकडे, हे धड्यात कुठेच नसतं. ह्या कामासाठी फ्रीडमेन्स ब्युरो नावाचं एक खातं काढलेलं होतं. त्याबद्दल जे प्रश्न सारखे येतात ते इथे घेतलेत, काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

हे एनजीओसारखं काही होतं की सरकारी खातं?

सरकारी, आणि तेही थेट युद्धखात्याच्या हाताखालचं. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, लिंकनने सही केली आणि पुढच्या दीड महिन्यात लिंकनचा खून झाला, म्हणजे खात्याचं काम धड सुरू व्हायच्या आत त्याचा वालीच गेला. कायद्यातल्या पूर्ण नावात तीन गोष्टी आहेत, निर्वासित, मुक्त झालेले लोक आणि मालक टाकून पळाले त्या जमिनी. पुढचं सगळं रामायण या तिसऱ्या गोष्टीवरून झालं. मुदत किती दिली होती, तर युद्ध संपल्यावर एक वर्ष. जवळजवळ अडीचशे वर्षांचं निस्तरायला एक वर्ष! आणि पहिल्या वर्षी स्वतंत्र बजेट म्हणून एक डॉलर नाही, लष्कराचेच अधिकारी, लष्कराचंच धान्य, लष्कराचेच जुने कपडे आणि त्या टाकलेल्या जमिनींचं भाडं येईल ते, यावर भागवा म्हणाले.

प्रमुख कोण होता?

जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड. १८६२ च्या लढाईत उजवा हात गमावलेला, अतिशय धार्मिक माणूस. वॉशिंग्टनमधली हॉवर्ड युनिव्हर्सिटी याच्याच नावाची. नियत चांगली होती याबद्दल फारसा वाद नाही, पण वरून ऑर्डर आली की मोडेल तो हॉवर्ड कसला, ते पुढे जमिनीच्या प्रश्नात दिसेलच.

स्टाफ किती होता?

सगळ्या दक्षिणेत, म्हणजे गुलामगिरीच्या राज्यांत मिळून, एका वेळी जास्तीत जास्त नऊशेच्या आसपास. १८६६ ला अख्ख्या मिसिसिपी राज्यात डझनभर एजंट होते. आता विचार करा, एका एजंटकडे कित्येक काउंट्या (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग), त्याने रेशन वाटायचं, करार तपासायचे, लग्नं नोंदवायची, शाळेला जागा बघायची, भांडणं सोडवायची, हॉस्पिटलला माणूस पाठवायचा आणि महिन्याच्या महिन्याला वर रिपोर्ट लिहायचा, तेही अशा गावात जिथे निम्मे गोरे लोक त्याच्याशी बोलायला तयार नाहीत. आणि सगळे एजंट सज्जन होते असंही नाही. जॉर्जियात तर जागोजागी स्थानिक गोऱ्यांनाच एजंट केलं आणि पगाराऐवजी करारामागे फी घ्या म्हणून सांगितलं, मग ते कुणाच्या बाजूने बोलणार ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या टोकाला मार्टिन डिलेनी, अमेरिकन सैन्यातला पहिला काळा मेजर, साउथ कॅरोलायनात हिल्टन हेडला ब्युरोचा अधिकारी होता. म्हणजे तुमच्या वाट्याला न्याय येणार की नाही हे तुमच्या काउंटीत कोण बसलाय त्यावर.

फुकट रेशन वाटून लोकांना आळशी केलं म्हणतात, खरंय का?

हा आरोप तेव्हाही होता, १८६६ च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात तर याचं पोस्टरच छापलं होतं, काळा माणूस निवांत लोळतोय आणि गोरा घाम गाळतोय असं. आता हिशेब बघू. एकूण साधारण २ कोटी १० लाख रेशन वाटली गेली आणि त्यातली ५० लाखांच्या आसपास गोऱ्यांना गेली, कारण युद्धाने दक्षिणेतले गरीब गोरेही उपाशी होते आणि कायद्यात निर्वासित हा शब्द होता. हे पोस्टरवर नव्हतं हे सांगायला नकोच. बरं, हॉवर्डलाही या आरोपाची इतकी धास्ती होती की १८६६ च्या ऑक्टोबरपासून त्याने हॉस्पिटलं आणि अनाथालयं सोडून बाकी रेशन जवळपास बंदच केलं, आणि नेमकं त्याच सुमाराला पीक बुडालं, मग १८६७ ला काँग्रेसला परत मदतीला परवानगी द्यावी लागली. ज्या माणसांनी जन्मभर बिनपगारी राबवून घेतलं त्यांनी राबणाऱ्यांना आळशी म्हणायचं, यावर मी काय बोलू.

चाळीस एकर जमीन देणार होते ना? तिचं काय झालं?

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली ही आहे.

जानेवारी १८६५ ला उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने एक लष्करी ऑर्डर काढली, क्रमांक १५. चार्ल्सटनपासून खाली फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतचा किनारा, आत ३० मैलांपर्यंत, मुक्त झालेल्या कुटुंबांना कसायला, प्रत्येकी ४० एकरापर्यंत. साधारण ४० हजार लोक तिथे बसले, पेरणी केली, घरं घातली, शाळा काढल्या. ब्युरोच्या कायद्यातही ४० एकर भाड्याने देऊन पुढे विकत घेता येईल अशी तरतूद होती. हॉवर्डने जुलैमध्ये परिपत्रक काढलं की जमिनी वाटपासाठी बाजूला ठेवा.

तोवर प्रेसिडेंट झाला होता अँड्र्यू जॉन्सन, आणि तो जुन्या मालकांना धडाधड माफ्या देत सुटला होता, माफी मिळाली की जमीन परत. त्याने हॉवर्डला परिपत्रक मागे घ्यायला लावलं, सप्टेंबरात नवीन काढायला लावलं आणि वर ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर स्वतः जाऊन लोकांना सांग म्हणून पाठवलं. चर्च भरलेलं. हॉवर्डने सांगायला सुरुवात केली आणि असा गलका झाला की त्याला बोलताच येईना, शेवटी एका बाईने दुःखाचं एक भजन धरलं तेव्हा जरा शांत झालं. लोकांनी तिघांची कमिटी नेमली आणि लेखी अर्ज दिला. ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले त्याला मी माफ करीनही, पण त्याच्या जमिनीवर त्याच्या अटीने राहा म्हणालात तर ते जमायचं नाही, असा त्याचा मतलब. अर्ज जॉन्सनलाही पाठवला. जमीन गेलीच. तिथला ब्युरोचा मुख्य रूफस सॅक्सटन परत करायला का-कू करत होता तर त्याला जानेवारी १८६६ ला काढलं.

म्हणून कुणी विचारलं की ब्युरोने नंतर सगळा जोर मजुरीच्या करारांवर का दिला, तर जमीन हातातून गेल्यावर त्यांच्याकडे द्यायला दुसरं होतं काय?

१८६६ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन मिळाली ना पण?

कागदावर ४ कोटी ६० लाख एकर, पाच राज्यांत. प्रत्यक्षात बरीचशी जंगल नाहीतर दलदल, आणि बैल-नांगर घ्यायला पैसा नाही. फार थोड्यांना जमलं. १८७६ ला कायदाच रद्द.

करार म्हणजे काय असायचं त्यात?

साधारण वर्षाचा करार, जानेवारी ते डिसेंबर, एजंटसमोर सही किंवा अंगठा-फुली. मजुरी पुरुषाला महिन्याला ८ ते १५ डॉलरच्या दरम्यान, बाईला कमी, शिवाय खोली, सरपण आणि आठवड्याचं मक्याचं पीठ नि खारवलेलं डुकराचं मांस. रोकड मालकाकडेही नव्हती, त्यामुळे निम्मी मजुरी वर्षअखेरीला, किंवा पैशांऐवजी पिकाचा वाटा.

मिसिसिपीतल्या मार्शल काउंटीतला १८६७ चा एक करार बघण्यासारखा आहे. दोन कुटुंबांनी ४० एकर मका नि २० एकर कापूस करायचा, कुंपणं दुरुस्त ठेवायची, वर शेतावरचं पडेल ते काम, आणि हे सगळं मालकाच्या हुकमाखाली. बदल्यात निम्मा कापूस आणि तिसरा हिस्सा मका नि कडबा. शिवाय त्यातल्या एका जोडप्याने मालकाच्या घरचं धुणं, इस्त्री आणि बाकी घरकाम वर्षभर करायचं, त्याचे ५० डॉलर, तेही वर्ष संपल्यावर. पडेल ते काम या तीन शब्दांत किती काय बसतं ते ज्याने कधी कंत्राटावर काम केलंय त्याला कळेल.

ब्युरोने काही गोष्टी मात्र ठामपणे लावून धरल्या. चाबूक बंद, मुकादमाची जुनी पद्धत बंद, मालक निवडायचा हक्क मजुराचा, आणि बिनपगारी सक्तीचं काम नाही. काही राज्यांत पिकावर पहिला हक्क मजुरीचा, व्यापाऱ्याच्या उधारीचा नंतर, असंही करून बघितलं. पण दुसरीकडे हेच ब्युरोवाले गावोगाव भाषणं द्यायचे की करार करा, जमीन मिळणार नाही, रिकामं बसलात तर भटके म्हणून धरू. म्हणजे एका हाताने संरक्षण आणि दुसऱ्या हाताने कापसाच्या शेतात ढकलणं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून.

समजा १८६६ साल आहे आणि मालकाने मजुरी दिली नाही. तक्रार करायची कशी?

चालत जायचं. एजंट बसायचा काउंटीच्या गावी, ते लांब असायचं, आणि त्या दिवसाची मजुरी गेलीच. लिहिता येत नसलं तरी चालायचं, तोंडी सांगायचं आणि एजंट किंवा त्याचा कारकून वहीत उतरवायचा: तारीख, तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध, कशाबद्दल, काय केलं. ह्या वह्या आजही आहेत आणि वाचायला बसलं की उठवत नाही. मजुरी बुडवली, मारहाण केली, पीक निघायच्या ऐन वेळेला भांडण काढून हाकलून दिलं (ही तर ठरलेली युक्ती, म्हणजे वाटा द्यायला नको), मुलगा ठेवून घेतला, डुक्कर नेलं, खेचर नेलं. शिवाय नवऱ्याने टाकलं, पोराच्या खर्चाला पैसे देत नाही, असल्या तक्रारी घेऊन बायकाही सरळ ऑफिसात यायच्या.

मग एजंट मालकाला चिठ्ठी पाठवायचा की अमुक दिवशी हिशेबाची वही घेऊन ये. मालक वही घेऊन यायचा आणि त्या वहीत सगळी गंमत. आजारी पडला त्या दिवसांचे कापले, हत्यार मोडलं त्याचे कापले, दुकानातून घेतलेलं पीठ, तंबाखू, बूट सगळं मालकानेच लावलेल्या भावाने कापलं, आणि वर्षाच्या शेवटी मजूरच देणेकरी. आपल्याकडे ऊसतोडीची उचल ज्यांनी बघितलीय त्यांना हा हिशेब समजावून सांगायला लागणार नाही. चांगला एजंट असला की एकेक ओळ बघून फालतू कपाती खोडायचा आणि एवढे दे म्हणून हुकूम करायचा. नाही दिले तर कापूस बाजारात न्यायला अडवायचा, किंवा दंड, आणि गरज पडली तर जवळच्या छावणीतून शिपाई.

मग न्याय मिळायचा?

कधीकधी. शिपाई जवळ असले तर बऱ्यापैकी, नसले तर हुकूम कागदावर, आणि युद्धानंतर सैन्य फार झपाट्याने घरी गेलं. टेक्ससमध्ये तर एजंटांचे खूनसुद्धा झाले.

पण एक सांगतो. त्याआधी गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष दक्षिणेतल्या कोर्टांत चालतच नव्हती. ब्युरोने स्वतःची कोर्टं लावली, काही ठिकाणी तिघांचं पंचमंडळ, एक एजंट, एक मालकांचा, एक मजुरांचा. आणि राज्यांना सांगितलं की तुमच्या कोर्टात काळ्यांची साक्ष घेणार असाल तरच केसेस तुमच्याकडे देऊ. ब्युरोची कोर्टं नकोत म्हणून राज्यांनी नाइलाजाने साक्षीचे कायदे बदलले. साक्ष मान्य झाली म्हणून ज्युरी काही सुधारली नाही, ती सगळी गोरीच, पण ज्याने मारलं त्याचं नाव घेऊन चारचौघांत उभं राहून बोलायचं आणि ते लिहून घेतलं जायचं, हे लहान नाही.

ब्लॅक कोड काय भानगड होती?

१८६५ च्या शेवटाला दक्षिणेतल्या राज्यांनी केलेले कायदे. मिसिसिपीत दर जानेवारीला कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नाहीतर भटका म्हणून दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. करार अर्धवट सोडला तर तोवरची सगळी मजुरी जप्त. दुसऱ्याच्या मजुराला जास्त पैसे देऊन बोलावणं हाही गुन्हा. साउथ कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर लायसन्स. ब्युरोने आणि लष्कराने यातलं बरंचसं अडवलं, पण हे कायदे बघूनच उत्तरेतल्या काँग्रेसवाल्यांचं डोकं फिरलं आणि ब्युरो वाढवायचं बिल आलं.

मुलांना परत बांधून घ्यायचे म्हणे?

हो, आणि वह्यांमधल्या सगळ्यात वाईट तक्रारी याच. शिकाऊ उमेदवार ठेवतो म्हणून कोर्टाकडून कागद करून घ्यायचा, आईबाप सांभाळायला समर्थ नाहीत असं म्हणायचं, आणि मुलगा एकवीस नि मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत जुन्या मालकाकडे फुकट. मेरीलँडमध्ये याचं पेवच फुटलं होतं. तिथलीच एलिझाबेथ टर्नर नावाच्या मुलीची केस १८६७ ला सरन्यायाधीश चेसपुढे आली आणि त्यांनी हा कागद म्हणजे तेराव्या दुरुस्तीविरुद्धची सक्तीची चाकरीच आहे म्हणून तिला सोडवलं. पण त्याआधी कित्येक आया आज्या एजंटच्या दारात बसून होत्या, तेही विसरू नका.

जुन्या मालकाकडून मागची मजुरी कुणी मागितली का?

ब्युरोकडे तशी तरतूदच नव्हती. पण टेनेसीचा जॉर्डन अँडरसन, ओहायोत डेटनला जाऊन राहिलेला, त्याला जुन्या मालकाने परत कामाला ये म्हणून पत्र लिहिलं. ऑगस्ट १८६५ चं त्याचं उत्तर पेपरात छापून आलं. येतो की, म्हणाला, पण तुमची नियत बघायला आधी मागचा हिशेब करा, माझी ३२ वर्षं महिना २५ डॉलरने आणि माझ्या बायकोची, मँडीची, २० वर्षं आठवड्याला २ डॉलरने, झाले ११ हजार ६८० डॉलर, त्यातून कपडे, डॉक्टरच्या तीन खेपा आणि मँडीचा एक दात काढल्याचे वजा करा. अर्थातच कुणी काही दिलं नाही.

शाळांचं काम चांगलं झालं ना?

सगळ्यात टिकलेलं काम तेच. १८७० पर्यंत हजारावर शाळा आणि दीड लाखाच्या आसपास विद्यार्थी, म्हातारेकोतारे नातवंडांच्या बाकावर. ब्युरोने इमारती आणि प्रवासखर्च दिला, शिक्षक बरेचसे मिशनरी संस्थांचे, आणि पैशांचा मोठा वाटा त्या गरीब लोकांनी स्वतः काढला, हे नेहमी सांगायचं राहतं. मे १८६६ च्या मेम्फिसच्या दंगलीत ४६ काळी माणसं मारली गेली आणि शाळा जाळल्या, त्या शाळाच का जाळल्या याचा विचार करा.

फ्रीडमन्स बँक याच ब्युरोची का?

नाही, वेगळी, पण सनद ब्युरोच्या कायद्याच्याच दिवशी मिळालेली, आणि ब्युरोचे अधिकारी तिचा प्रचार करायचे म्हणून लोकांना ती सरकारीच वाटायची. १८७४ ला बुडाली, ६१ हजारांवर खातेदार. शेवटच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लसला, गुलामगिरीतून पळून येऊन पुढे नावाजलेल्या काळ्या पुढाऱ्याला, अध्यक्ष करून बसवलं, पण आधीच्या लोकांनी पैसा रेल्वे नि जागांच्या धंद्यात घालून वाट लावून ठेवली होती.

जॉन्सनचा नेमका आक्षेप काय होता?

फेब्रुवारी १८६६ ला त्याने मुदतवाढीचं बिल व्हेटो केलं. म्हणे खर्च फार, शांततेच्या काळात लष्करी कोर्टं घटनेत बसत नाहीत, आणि आपल्याच लोकांसाठी काँग्रेसने असं कधी काही केलेलं नाही. आपल्याच हा शब्द लक्षात घ्या. जुलैमध्ये काँग्रेसने दुसरं बिल व्हेटो डावलून पास केलं आणि दोन वर्षं मिळाली.

बंद कधी झाला?

१८६८ संपता संपता बहुतेक ऑफिसं गेली, शाळांचं काम १८७० पर्यंत, काळ्या सैनिकांचे थकलेले पैसे देण्याचं काम १८७२ च्या मध्यापर्यंत. तक्रार ऐकणारा गेला आणि करार राहिले, मग वाट्याची शेती नि दुकानदाराची उधारी यांत पुढच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

आपल्याशी याचा काही संबंध?

दोन ठिकाणी सरळ आहे. पहिला कापूस. युद्धात अमेरिकन कापूस अडकला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, आणि १८६५ ला युद्ध संपल्याची बातमी आली तशी बॅक बे रेक्लमेशनचे (समुद्रात भर घालून जमीन काढायच्या कंपनीचे) शेअर धाडकन आपटले. अमेरिकेतले मजूर परत कापसाच्या शेतात कधी उतरतात याकडे इंग्लंडातला लिव्हरपूलचा कापूसबाजार आणि मुंबई दोघांचे डोळे लागलेले होते, ब्युरोवर करार लवकर करा म्हणून जो दाब होता त्यात हाही भाग. इकडे भाव पडले आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १८७५ ला सुप्यापासून पुणे-नगर भागात जे दंगे झाले त्यात लोकांनी आधी कर्जरोखे जाळले, त्याची कारणं शोधताना इतिहासकार या पडलेल्या भावांपर्यंत जातातच.

दुसरा जोतीराव फुले. १८७३ ला त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना, आपले देशबांधव तो कित्ता गिरवतील या आशेने. ब्युरोला टाळं लागून तेव्हा एक वर्ष झालं होतं.

ह्या वह्या घरबसल्या बघता येतात का?

येतात. मूळ कागद अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, सगळे स्कॅन झालेत, आणि स्वयंसेवकांनी १८ लाखांच्या आसपास नावं उतरवून सर्च करण्याजोगी केलीत, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट आहे. तिकडच्या काळ्या कुटुंबांना याचं मोल फार, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत नुसतं वय, लिंग आणि रंग आहे, नाव मालकाचं. १८७० च्या जनगणनेत नाव पहिल्यांदा येतं, त्याच्या आधी जायचं तर बहुतेकदा ह्याच वह्या. शोधताना नुसत्या आडनावावर जाऊ नका, स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर आणि आडनावं लोकांनी बदललेली. राज्य घ्या, मग एजंटचं गाव, मग तक्रारींची वही, आणि सापडेना तर जुन्या मालकाच्या नावाने करार शोधा.